लहरीबाईचे निवडणे

धानोऱ्यात साध्वी मुक्कामाला आल्या की गोचरीला, म्हणजे भिक्षेला, निघण्याआधी एवढेच विचारीत, इंदरमलचे घर कोणते. इंदरमलच्या घरचे पीठ म्हणजे त्याच्या आईने, लहरीबाईने निवडलेल्या धान्याचे पीठ. त्यात किडा दळला जात नाही, चुलीत मुंगी जळत नाही, असे नंदुरबारपर्यंतचे ओसवाल जैन सांगत. किराणा दुकाने गावात आणखीही होती. गूळ, मीठ, रॉकेल कुठेही मिळत होते. इंदरमलच्या घराचा मान दुकानात नव्हता, त्याच्या आईच्या थाळ्यात होता.

लहरीबाई मारवाडातून लग्न होऊन आली तेव्हा तिला यातले फारसे काही येत नव्हते. नंदुरबार स्टेशनवर उतरून बैलगाडीने धानोऱ्याला येताना तिने फक्त कापसाची शेते पाहिली होती आणि इथे वाळू नाही म्हणून ती रडली होती. बाकी सारे तिला सासूने शिकवले. लाकूड चुलीत सारण्याआधी जमिनीवर आपटायचे, आतले जीव बाहेर पडेपर्यंत थांबायचे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचे. फडक्यावर जे उरते, त्याला जिवाणी म्हणत. ती ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत, भांडे हळू सोडून, पाण्याला टेकवून ओतायची, वरून फेकायची नाही. आणि धान्य सकाळच्या उन्हात उंबऱ्याशी बसून निवडायचे. थाळ्यात एका दाण्यावर दुसरा दाणा नको. सोंडा, धान्यातला किडा, दिसला की त्याला बोट लावायचे नाही, केरसुणीची काडी पुढे धरायची. तो काडीवर चढला की त्याला सावलीतल्या खापरीत नेऊन सोडायचे. खापरीत चार फुटके दाणे त्याच्यासाठी ठेवलेले असत.

अंगण झाडणारी तापीबाई हे बघून हसायची.

"शेठाणी, त्या किडास्ले आते पाळणा बांधी दे."

"तू झाड. त्यांचं मी बघते."

"बघ माय, बघ. आम्हना घरमा माणसंस्ले दाना नही, तुन्हा घरमा किडास्ले वाढेल शे."

लहरीबाईला राग येत नसे. हे काम आपल्याला येते, एवढ्यावर तिचे आयुष्य उभे होते. नवरा गौतमचंद तापाने गेला, दुकान इंदरमलने सांभाळले, घरात सून आली. लहरीबाईने चुलीचा हक्क सुनेला दिला, पण थाळा दिला नाही. पानीबाई नवी असताना एकदा तिने निवडलेल्या मुगात शिजल्यावर एक काळा ठिपका निघाला होता. लहरीबाई ओरडली नाही. ते मूग कुणी खाल्ले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तिने सुनेला उपवास करायला लावला. पानीबाई तेव्हा पोटुशी होती. त्यानंतर तिने थाळ्याला हात लावला नाही.

मग लहरीबाईच्या डोळ्यांत धूर आला.

आधी तिला वाटले चूल धुमसते आहे. चूल विझली तरी धूर राहिला. दाणे थाळ्यात एकमेकांत मिसळू लागले, जणू कुणी वरून ताक ओतले आहे. ऊन चढले की आणखी वाईट. तिने थाळा उंबऱ्यावरून आत सावलीत घेतला. मग बोटांनी निवडू लागली. दाणा गोल, खडा टोकदार, काडी लांब. सोंडा मात्र बोटाला कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. एका सकाळी तिच्या अंगठ्याखाली काहीतरी मऊसर फुटले. तिने अंगठा नाकाशी नेला. मग बराच वेळ ती तशीच बसून राहिली, अंगठा लुगड्याला न पुसता.

त्या दिवशी सांगायला हवे होते. सांगितले असते तर काय झाले असते, याचा विचार तिने पुष्कळदा केला. थाळा गेला असता. मोतीबिंदू काढणारा फिरता वैदू बोलावला असता. त्याच्या सुईने तिच्या नणंदेचा डोळा वाहून गेलेला तिने पाहिला होता. पण खरे भय या दोन्हींचे नव्हते. "कधीपासून?" असे कुणीतरी विचारले असते, आणि उत्तराबरोबर मागे शिजलेली सगळी भांडी उघडली गेली असती. एक दिवस न सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी सांगणे जास्त कठीण झाले. आणि नेमक्या त्याच वर्षी मोठ्या महाराजसाहेबांनी, त्या भागातल्या सर्वांत वृद्ध साध्वींनी, धानोऱ्यात चौमासा केला. पावसाचे चार महिने, धान्यात सर्वांत जास्त जीव असण्याचे दिवस. त्या रोज लहरीबाईच्या दारी यायच्या, "धर्मलाभ" म्हणायच्या आणि लाकडी पात्र पुढे करायच्या. लहरीबाई त्यात वाढायची. वाढताना तिला लहानपणी माहेरच्या उपाश्रयात, साधूंच्या मुक्कामाच्या जागी, पाहिलेले नरकाचे चित्र दिसे. जात्याच्या तोंडात उलटा घातलेला माणूस, आणि जाते फिरवणारे दोन काळे हात. ते चित्र मात्र तिला अजून स्वच्छ दिसत होते.

"तू आते थाळाकडे दखतच नहीस," तापीबाई एकदा म्हणाली. "कोठे दखस वं?"

"नवकार मंत्र म्हणते मनात."

"व्हई," तापीबाई म्हणाली, आणि त्या दिवशी हसली नाही.

कोरीटच्या रस्त्याला एका टेकाडावर व्यापाऱ्यांनी नवे मंदिर बांधून पुरे केले, ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. मूर्तीचा दगड मारवाडातून रेल्वेने आला होता आणि स्टेशनपासून टेकाडापर्यंत बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपून ओढला होता. आदेश्वर भगवान, पद्मासनात बसलेले, आणि बसलेले असूनही एवढे उंच की जमिनीवर उभ्या माणसाचा हात त्यांच्या मांडीला पोचत नव्हता. प्रतिष्ठेच्या दिवशी मूर्तीचे नेत्र उघडले, तेव्हा पहिली नजर समोर धरलेल्या आरशावर पडली आणि आरसा तडकला, असे सगळ्या मुलखात सांगत होते. इंदरमलने घरी येऊन हे सांगितले तेव्हा मुले खूश झाली. लहरीबाईने विचारले, "आरसा धरला होता त्याला काही झालं का?"

"त्याला काय होणार, माँ?"

"नाही, विचारलं."

पौषात ती सगळी गाडीतून निघाली. बरोबर लहरीबाईने निवडलेल्या गव्हाचे खाखरे होते, आणि धर्मशाळेत शिजवायला तिनेच निवडलेले मूग. पानीबाईने डबा मांडीवर घेतला होता. वाटेत ती मुलांना एकेक गोष्ट दाखवीत होती. ते बघा शिखर, ती बघा ध्वजा. मुले म्हणाली, दिसली. लहरीबाई म्हणाली, "दिसली." तिच्यासमोर फक्त एक पांढुरके आभाळ हलत होते.

टेकाडाच्या पायऱ्या ती नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चढली. आत गेल्यावर एकदम थंड झाले. केशराचा वास आला, ओल्या दगडाचा वास आला, आणि माणसांचे आवाज खूप वर जाऊन परत येऊ लागले. यावरून तिला कळले की समोर काहीतरी प्रचंड आहे. तिने मान वर केली. धूर होता, नेहमीचाच, पण त्यात एक मोठा पांढरा भाग होता. त्याला कडा नव्हत्या. भिंत म्हणावी तर तो पुढे आल्यासारखा वाटत होता. आणि वर, जिथे माणसाचे तोंड असू शकत नाही इतक्या वर, दोन ठिकाणी दिव्याचा उजेड चमकत होता. स्फटिकाचे डोळे. मूर्तीतले तेवढेच तिला दिसले.

शेजारी बायका हळू आवाजात बोलत होत्या. किती शांत मुद्रा आहे. हसताहेत जणू. लहरीबाईला ना मुद्रा दिसत होती ना हसू. चेहरा नसलेली नजर तेवढी तिच्यावर होती. ती डावीकडे सरकली, नजरही सरकली. तिने हात जोडले आणि ते छातीशी इतके घट्ट धरले की बांगड्या नसलेली मनगटे दुखली.

पूजेची रांग लागली होती. मूर्तीच्या नऊ अंगांना केशरचंदनाचे टिळे लावायचे असतात. पायाच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत खालच्या चौथऱ्यावर उभे राहिले की हात पोचे, पुढच्या अंगांसाठी बाजूला रुंद पायऱ्यांची लाकडी शिडी लावली होती. बहुतेक म्हातारी माणसे अंगठ्याला टिळा लावून बाजूला होत. लहरीबाईनेही तेच ठरवले होते. अंगठा तिला हाताने सापडला असता. पण नंदुरबारच्या कुणा बाईने तिला ओळखले.

"धानोऱ्याच्या लहरीबाई ना? त्यांना आधी जाऊ द्या. वर जाऊ द्या त्यांना."

"नको, माझे गुडघे..." लहरीबाई म्हणाली.

"माँ, एवढा मान देताहेत," पानीबाई कानाशी म्हणाली. "खालूनच परत फिरलात तर बरं दिसेल का?"

कुणीतरी तिच्या तोंडावर मुखकोश बांधला, कुणी हातात चंदनाची वाटी दिली. शिडीपाशी पुजारी उभा होता. भटू नावाचा, जवळच्याच खेड्यातला. जैन नव्हता, पण मंदिराची सगळी झाडलोट आणि मूर्तीचे न्हाणे त्याच्याकडे होते.

"ये वं माय, चढ. मी शिडी धरी ऱ्हायनू. डावा पाय वर ठेव. हां. आते उजवा."

ती चढली. खांदे झाले. शिखेपर्यंत, डोक्याच्या माथ्यापर्यंत, तिचा हात पोचत नव्हता, ते भटूने काडीने केले. चढताना दगडाचा गारवा तिच्या अंगाला लागत होता, जसा उन्हाळ्यात विहिरीत वाकल्यावर लागतो. पांढरेपणा आता चारी बाजूंना होता. तिला वर-खाली कळेना. आपण चढतो आहोत की उतरतो आहोत, हेही क्षणभर कळेना. तोल सांभाळायला तिने मूर्तीला धरले नाही, शिडीला धरले, कारण मूर्तीला असे धरणे म्हणजे आशातना, देवाचा अपमान.

"आते कपाय," खालून भटू म्हणाला.

कपाळ. तिने अनामिका वाटीत बुडवली आणि हात पुढे केला. पांढऱ्यात कुठेतरी कपाळ असणार. चमक कुठे होती ते ती शोधू लागली, चमकेच्या वर कपाळ असेल म्हणून. पण इतक्या जवळून चमक उरलीच नव्हती. तिने बोट टेकवले.

ते दगडाला टेकले नाही. बोटाखाली गुळगुळीत, ओलसर, घसरते काहीतरी आले, आणि बोट घसरले, आणि चंदन पसरले. काय झाले हे खालच्या सर्वांआधी तिला कळले. तिने बोट मागे घेतले नाही. घेता आले नाही. बोट मूर्तीच्या डोळ्यावर होते आणि त्या क्षणी तिला वाटले, आता हात हलवला तर हा डोळा उघडेल.

खाली मंत्र म्हणणारे थांबले. एवढ्या मोठ्या गाभाऱ्यात तिला स्वतःचा श्वास मुखकोशात फुगताना ऐकू येत होता.

"हात काढ, माय," भटू अगदी हळू म्हणाला. तो शिडीवर तिच्या मागे येऊन उभा होता. त्याने ओल्या फडक्याने डोळा पुसला, पुन्हा पुसला. पुसता पुसता तो तिच्या कानाशी म्हणाला, "तुले दिसस का नही?"

तिने मान खाली घातली. भटू वळून लोकांना मोठ्याने म्हणाला, "म्हतारीना हात कापना. व्हस असं."

लोकांनी श्वास सोडला. कुणी म्हणाले, वय झाले. कुणी म्हणाले, एवढी मूर्ती समोर आली की कुणाचाही हात कापेल. इंदरमल तिला उतरवून घेताना म्हणाला, "काही नाही झालं, माँ. पुसलं त्याने." सगळ्यांनी मिळून तिला सोडवले होते. ती खाली बसली, आणि तिला कळले की आपण सुटलो आहोत, हेच सर्वांत भयंकर आहे. आता घरी जाऊन पुन्हा थाळा घ्यायचा.

धर्मशाळेत पानीबाईने मूग शिजवले. खोलीत ऊन नव्हते. लहरीबाई भिंतीला टेकून बसली होती आणि मुगाचा वास खोलीभर पसरला होता. तेवढ्यात दाराशी पावले वाजली, अनवाणी, संथ. ती ओळखीची होती.

"धर्मलाभ."

मोठ्या महाराजसाहेब. त्या शेजारच्या उपाश्रयात उतरल्या होत्या हे कुणाला माहीत नव्हते. सगळे उठले. "मत्थएण वंदामि," इंदरमल म्हणाला आणि मुलांना वाकायला लावले. पानीबाईने लगबगीने डबा उघडला.

"कुठलं पीठ आहे?" बरोबरच्या तरुण साध्वीने नेमाप्रमाणे विचारले.

मोठ्या महाराजसाहेब हसल्या. "लहरीबाई बसल्यात ना समोर. मग विचारायचं काय?"

झोळीतून पात्र बाहेर निघाल्याचा आवाज झाला. लहरीबाईला तो आवाज पाठ होता. चार महिने ऐकला होता. आता खाखरे पात्रात पडतील, मग मूग पडतील, मग पात्र झाकले जाईल. तिला काही करायचे नव्हते. नुसते बसून राहायचे होते. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि चाचपडत तिने हात पुढे केले. पात्राची कड हाताला लागताच त्यावर दोन्ही तळवे पालथे ठेवले.

"घेऊ नका," ती म्हणाली. "हे मी निवडलंय."

"म्हणून तर घेते."

"मला दिसत नाही, महाराजसाहेब."

इंदरमल पुढे आला. "माँ दमली आहे. सकाळी देवळात जरा..."

"तुम्ही थांबा," मोठ्या साध्वी म्हणाल्या. मग लहरीबाईला म्हणाल्या, "कधीपासून?"

हाच तो प्रश्न होता. लहरीबाईला वाटले होते, तो येईल तेव्हा जमीन फाटेल. जमीन तशीच राहिली.

"चौमाशाच्या आधीपासून."

तरुण साध्वीच्या तोंडून हलकासा आवाज निघाला. लहरीबाईच्या तळव्यांखाली पात्र थरथरू लागले. पहिल्यांदा तिला वाटले आपले हात कापताहेत. नंतर कळले, आपले नव्हेत.

"मी दुसऱ्या घरी जातच नव्हते," शेवटी मोठ्या साध्वी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तुमचं घर आहे म्हणून जात नव्हते. बघतही नव्हते पात्रात." मग म्हणाल्या, "मला गुरुमहाराजांपुढे आलोयणा करावी लागेल. सगळं सांगून प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

"आणि मला?"

"तुम्हालाही."

पानीबाई डबा धरून तशीच उभी होती. ती सासूला म्हणाली, "माझ्या मुगात एक निघाला होता. मला उपास घडवला होता तुम्ही. पोटात हा थोरला होता तेव्हा."

"हो," लहरीबाई म्हणाली.

"आणि ही पोरं वर्षभर..." पानीबाईने डब्याचे झाकण लावले.

"मला उपवासाचं पच्चक्खाण द्या, महाराजसाहेब," लहरीबाई म्हणाली. उपवास करायचा तर तो असा मागून घ्यावा लागतो, साध्वींनी शब्द उच्चारावे लागतात. "आजपासून तीन दिवसांचं द्या. आठ दिवसांचं द्या."

"नाही देत."

"का?"

"तुम्हाला जेवायची भीती वाटते म्हणून मागताय." साध्वींनी रिकामे पात्र झोळीत ठेवले. "मी आज काही घेणार नाही. तुम्ही मात्र जेवा. दुसऱ्या कुणी निवडलेलं." त्या दाराशी थांबल्या. जाताना त्या नेहमी दोन शब्द बोलत. आज बोलल्या नाहीत, आणि त्यांची पावले येताना होती त्याहून बरीच संथ पडत गेली.

दुपार तशीच गेली. शिजलेल्या मुगांना कुणी हात लावला नाही. इंदरमल एकदा आला, आईजवळ बसला. "मला का सांगितलं नाहीस?" असे म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता उठून गेला. मुले बाहेर खेळत होती. लहरीबाईला त्यांच्या आवाजातही काहीतरी बदलल्यासारखे वाटले. ती प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा ऐकत राहिली, कुणी खोकते आहे का ते.

सूर्य मावळल्यावर जैन जेवत नाहीत. मावळायच्या आत पानीबाई भोजनशाळेतून ताट घेऊन आली आणि सासूसमोर ठेवले. भात आणि वरण. वास साधा होता.

"कुणी निवडलंय?" लहरीबाईने विचारले. हा प्रश्न तिने आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

"इथल्या बायकांनी."

"तू पाहिलंस?"

"उरलेली डाळ थाळ्यात होती, ती पाहिली."

"नीट पाहिलीस?"

"माझ्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं पाहिलं," पानीबाई म्हणाली. आवाजात राग होता, पण ती उठून गेली नाही, समोरच बसून राहिली.

लहरीबाईने दाराकडे तोंड केले. तिकडे थोडे तांबूस होते, किंवा तिला तसे वाटत होते. "दिवस आहे का अजून?"

"आहे. हातभर वर आहे."

तेही तिला ऐकूनच घ्यायचे होते. तिने ताट चाचपले, लहान घास केला आणि तोंडात ठेवला. जीभ एकेका दाण्यावरून फिरू लागली. हा तांदूळ, हा तांदूळ, ही डाळ. मग एक कण आला, बारीक, कडक, कसला ते कळेना. मोहरी असेल. मोहरीचे टरफल असेल. तिने तो दातांशी आणला आणि थांबली. पानीबाई बघत होती, हे तिला कळत होते. बाहेर कुणीतरी मुलांना हाक मारत होते, आवरा, आवरा, ऊन चाललं.

लहरीबाईने डोळे मिटले आणि चावले.